दत्तजयंतीचा उपवास आणि आईची गोळी

मार्गशीर्षाचे गुरुवार सुरू झाले की आमच्या दवाखान्यातली गर्दी थोडी ओसरते. आजार कमी होतात म्हणून नव्हे. घरोघरी पाहुणे, सप्ताह, पारायणे, उद्यापने यांची धांदल उडालेली असते आणि दुखण्याला कोणाला सवड नसते. ‘जयंती होऊन जाऊ द्या डॉक्टरसाहेब, मग पाहू,’ हे वाक्य डिसेंबरात मी रोज ऐकतो. त्यातली निम्मी मंडळी जानेवारीत दुप्पट दुखणे घेऊन येतात, तो भाग वेगळा.

कारंजा हे नृसिंह सरस्वती स्वामींचे जन्मगाव. त्यामुळे दत्तजयंती आमच्याकडे नुसती पंचांगातली एक तिथी राहत नाही. मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजन्म, आणि पुढे पौष शुद्ध द्वितीयेला खुद्द स्वामींची जयंती. मधले पंधरा-सतरा दिवस गाव पाहुण्यांनी भरलेले असते. पूर्वी ही मंडळी मूर्तिजापूरला उतरून ‘शकुंतला’ या छोट्या रेल्वेने रमतगमत यायची. ती गाडी बंद पडली. आता मुंबई-पुण्याकडची माणसे समृद्धी महामार्गाने येतात. घरी पोचल्यावर पहिला अर्धा तास रस्त्याचेच कौतुक ऐकावे लागते.

२०२३ साली योग असा जुळला, की शनिवार-रविवारला जोडून सोमवारी २५ डिसेंबरला नाताळची सुटी आणि मंगळवारी २६ ला दत्तजयंती. एक दिवस रजा टाकली की चार दिवस मोकळे. मग काय, पुण्याहून धाकटी बहीण आणि तिची मुले, नागपूरहून काका-काकू, अकोल्याहून मावशी, असे करता करता घरात सतरा माणसे झाली. दवाखान्यातल्या दोन खाटांपैकी एकीवरही रात्री भाचे झोपू लागले. पोरांनी रविवारी शेतावर जाऊन हुरडा खाल्ला, सोमवारी तुरीच्या शेंगा उकडल्या. काकांचा गुरुचरित्राचा सप्ताह वरच्या खोलीत चालू होता. सांगतेच्या नैवेद्याला लागतात म्हणून घेवड्याच्या शेंगा कोण निवडणार, यावरून बायकांमध्ये लटकी भांडणे होत होती. घर असे भरलेले असले की माझ्या आईच्या चेहऱ्यावर एक वेगळेच तेज येते. गेली काही वर्षे ती वाट पाहते ती याच आठवड्याची.

आईचे वय तेव्हा बहात्तर. मधुमेह चौदा वर्षांपासूनचा. सकाळी आणि संध्याकाळी जेवणाच्या वेळी एक-एक गोळी. तिच्यात मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराईड अशी दोन औषधे एकत्र. साखर ताब्यात होती. चालणे नियमित. गोड तर ती घरात कोणाला दिसू न देता सुद्धा खात नाही. म्हणजे रुग्ण म्हणून नमुनेदार. फक्त एका बाबतीत ती कोणाचे ऐकत नाही, आणि ती बाब म्हणजे उपवास.

त्या आठवड्यात गुरुवारी २१ तारखेला महालक्ष्मीचा उपवास झाला. पाठोपाठ एकादशी. आणि मंगळवारी दत्तजयंती. सहा दिवसांत तीन उपवास! मी सोमवारी रात्री सहज म्हटले, “आई, या वेळी एखादा कमी केला असता.” ती म्हणाली, “मले काई होत नाई बाप्पा. इतकी वर्षं झालं काय?” आणि खरे सांगायचे तर मीही विषय तेथेच सोडला. घरात सतरा माणसे होती, दवाखान्यात खोकल्या-दम्याचे रुग्ण होते आणि मला झोप आली होती.

दत्तजयंतीच्या दिवशी काय काय घडले ते मला मागाहून, एकेकाला विचारून जुळवावे लागले. सकाळी साडेसात वाजता आमच्या सौ.ने नेहमीप्रमाणे आईला गोळी दिली. आईने ती बिनसाखरेच्या चहाबरोबर घेतली. नेहमी यानंतर पोळी-भाजी असते; त्या दिवशी नव्हती. अकराच्या सुमारास साबुदाण्याची उसळ झाली (पुण्याकडे तिला खिचडी म्हणतात, यावर भाच्यांशी वाद झाला). पोरे तुटून पडली. आईने सगळ्यांना वाढले आणि शेवटी तळाशी उरलेली चार चमचे उसळ घेऊन ‘झालं माझं’ म्हणून ती उठली. केळे तिने खाल्ले नाही, कारण केळ्याने साखर वाढते हे मीच तिच्या डोक्यात बसवलेले. दुपारी भगर झाली, तेव्हा ती सांगतेच्या तयारीत होती. भगर राहून गेली.

संध्याकाळी पाच वाजता बहिणीच्या लक्षात आले, की देवळातून यायला उशीर होईल आणि आईची संध्याकाळची गोळी चुकेल. तिने मला दवाखान्यात फोन केला. समोर एक रुग्ण छाती उघडी करून बसला होता, माझ्या कानात नळी होती. ती म्हणाली, “दादा, आईची संध्याकाळची गोळी आत्ताच देऊन टाकू का?” मी म्हणालो, “हो हो, दे. गोळी चुकवायची नाही.”

हे वाक्य मी दिवसातून पन्नास वेळा उच्चारतो. मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाला उच्चारतो. त्या दिवशीही तोंडातून तेच निघाले. पोटात अन्न आहे की नाही, हे विचारायला दोन सेकंद पुरले असते.

आमच्या गल्लीत दत्ताचे एक लहानसे देऊळ आहे. गुरुमंदिरातली गर्दी झेपत नाही म्हणून म्हातारी मंडळी जन्माला तेथेच जमतात. दत्तजन्म सूर्यास्ताच्या वेळचा. पाळणा झाला, घंटा वाजल्या, फुले उधळली गेली आणि सुंठवडा वाटायला सुरुवात झाली. आईनेही तो घेतला, पण तोंडात टाकला नाही. त्यात पिठीसाखर असते ना! घरच्या पोरांना देऊ म्हणून तिने तो मुठीत धरून ठेवला आणि ती खांबाला टेकून बसली.

थोड्या वेळाने नात तिला उठवायला गेली तर आईने तिचा हात झिडकारला. “व्हय तिकडं!” असे काहीसे ती बोलली. माझी आई नातवंडांवर कधी खेकसत नाही. बहिणीला वाटले, थकली असेल. शेजारच्या एक काकू म्हणाल्या, तंद्री लागली आहे, हलवू नका. आणखी कोणी म्हणाले, अंगात आले. दोन बायका तर हात जोडून समोर बसल्या! पाच-सात मिनिटे अशीच गेली.

दाराशी हार-फुले घेऊन बसणारी एक बाई तेवढ्यात प्रसादाला आत आली. तिने आईकडे पाहिले आणि सरळ विचारले, “आजीले एवढ्या थंडीत घाम काहून सुटला?”

सगळे शालींत आणि मफलरींत गुरफटलेले, आणि आईचे कपाळ ओलेचिंब. ब्लाऊजची पाठ भिजलेली. त्या बाईच्या नवऱ्याला इन्सुलिन चालू आहे, हे मला नंतर समजले. तिने घामाचा हा प्रकार घरी पाहिलेला होता. तिनेच एका पोराला माझ्याकडे पळवले.

मी दोन गल्ल्या ओलांडून पोचलो तेव्हा आई डोळे किलकिले करून पाहत होती, पण मला ओळखत होती असे वाटले नाही. हात गार. नाडी जलद. मी यंत्र काढले, तिचा उजवा हात धरला, बोट टोचले आणि पट्टीला रक्त लावले. आकडा आला २१२.

वाचकहो, मी क्षणभर निवांत झालो, हे कबूल करतो. साखर कमी नाही, मग अर्धांगाचा झटका असेल का, की हृदयाचे काही, अशा दिशेने मन धावू लागले. गाडी काढून अकोल्याला न्यायचे का, असेही मी बहिणीशी बोललो. आणि तेवढ्यात आईची ती मूठ उघडली. सुंठवडा! तिच्या घामेजल्या बोटांना पिठीसाखर लडबडून चिकटली होती, आणि मी नेमके त्याच हाताचे बोट टोचले होते. यंत्राने रक्तातली साखर मोजली नव्हती, बोटावरची मोजली होती.

डावा हात पाण्याने धुतला, कोरडा केला, पुन्हा टोचले. ४३.

निरोगी माणसाची उपाशीपोटीची साखर साधारण ७० ते १०० मिलिग्रॅमच्या घरात असते. ७० च्या खाली गेली की शरीर घाम, थरथर, धडधड, भूक अशी ओरड सुरू करते. ५४ च्या खाली मेंदूला साखर कमी पडू लागते. मग माणूस चिडतो, असंबद्ध बोलतो, दारू प्यायल्यासारखा अडखळतो, गुंगीत जातो. आणखी खाली गेली तर झटके आणि बेशुद्धी. अशा माणसाला ‘थकला आहे, झोपू द्या’ म्हणणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. देवळात ‘तंद्री’ म्हणतात, लग्नात ‘चढली’ म्हणतात, प्रवासात ‘गाडी लागली’ म्हणतात. नाव जागेप्रमाणे बदलते.

आई हाकेला ओ देत होती आणि गिळत होती, हे नशीब. देवळात साखरेचा डबा हाताशीच होता. अर्ध्या पेल्या पाण्यात तीन मोठे चमचे साखर ढवळून घोट घोट पाजली. पंधरा मिनिटांनी ६८. पुन्हा तेवढीच साखर. त्यानंतर ९६, आणि आई म्हणाली, “मी इथं कशी पडली?” मग पेलाभर दूध आणि एक केळे. तिचा पहिला शहाणा प्रश्न असा होता: “उपास मोडला काय रे?” पुजारीबुवा जवळच उभे होते. ते म्हणाले, “माय, साखर, दूध, केळं, सगळं उपासाचंच तर हाये!” तेव्हा कुठे तिने केळे संपवले.

यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. माणूस गिळत नसेल, बेशुद्ध असेल, तर तोंडात पाणी, साखर, मध काहीही ओतू नये. ते श्वासनळीत जाते. त्याला कुशीवर वळवून तडक दवाखान्यात न्यावे. तेथे शिरेतून ग्लुकोज देता येते. कोरडा सुंठवडा किंवा लाडूचा तुकडा तर अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात कोंबूच नये. आणि ज्यांच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज आहे, त्यांना घरातली साखर लवकर लागू पडत नाही. त्यांच्याकडे औषधाच्या दुकानात मिळणारी ग्लुकोजची पावडरच हवी.

आईला घरी आणले, पण झोपू दिले नाही असे म्हणा ना. ग्लिमेपिराईड, ग्लिबेनक्लामाईड, ग्लिक्लाझाईड ही औषधे स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. जेवण आले की नाही याची वाट ती पाहत नाहीत. त्यातून म्हातारपणी मूत्रपिंड जरा मंद झालेले असेल तर औषध शरीरात रेंगाळते, आणि एकदा वर आलेली साखर रात्री पुन्हा घसरते. म्हणून अशा रुग्णाला चोवीस तास नजरेखाली ठेवतात. भाच्याला उठवून मी आईला दवाखान्यातल्या खाटेवर घेतले आणि दर दोन तासांनी साखर पाहिली. रात्री दोन वाजता ती ६३ होती! बाटली लावली. सात दिवसांचे पारायण करून थकलेले काका तेथे स्टूल टाकून पहाटेपर्यंत बसून राहिले. मी त्यांना चार वेळा झोपायला सांगितले. “सप्ताह आज पुरा झाला असं समजतो,” एवढेच ते म्हणाले. मला त्या रात्री काकांच्या डोळ्याला डोळा देववला नाही.

सकाळी घरात पंचनामा झाला. सौ. म्हणे, मी गोळी नेहमीप्रमाणे दिली, उपवासाला बंद करायची असे मला कोणी सांगितले नाही. बहीण म्हणे, मी तर दादाला विचारून दिली. काकू म्हणे, मला वाटले तिने भगर खाल्ली. खरोखर प्रत्येकाने आपले काम चोख केले होते! चूक कोणाची म्हणाल तर माझी, हे मी तेथेच सांगितले. पण मला त्याहून वेगळी एक गोष्ट जाणवली. घरात तिघेच असतात तेव्हा आईने काय खाल्ले हे सौ.ला न विचारता कळते. सतरा माणसे झाली की प्रत्येकाला वाटते, दुसऱ्याने पाहिले असेल. भरल्या घरात म्हातारे माणूस उपाशी राहते आणि कोणाच्या ध्यानात येत नाही. ते स्वतः तर सांगतच नाही, कारण पाहुण्यांना वाढण्यातच त्याचे पोट भरलेले असते.

भारतात मधुमेहाचे रुग्ण सुमारे १० कोटी १० लाख आहेत, असा अंदाज भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मोठ्या पाहणीतून २०२३ साली प्रसिद्ध झाला. शहरात शंभरात सोळा, खेड्यात शंभरात नऊ प्रौढ माणसे. आपल्या वाशिम जिल्ह्यातले एखादे भरल्या गोकुळासारखे घर घ्या, त्यात एक तरी मधुमेही सापडेल आणि तोच बहुधा घरातला सर्वांत कडक उपवास करणारा असेल.

येथे एक तुलना केल्याशिवाय राहवत नाही. माझ्याकडे येणारे मुसलमान रुग्ण रमजानच्या पंधरा दिवस आधी हजर होतात. “रोजे ठेवायचे आहेत, गोळ्यांचे काय करू?” असे विचारतात. त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०१६ साली सविस्तर मार्गदर्शन काढले, २०२१ मध्ये ते सुधारले. कोणी रोजा ठेवू नये, कोणती गोळी सहरीला आणि कोणती इफ्तारला, साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, बोट टोचून साखर पाहिल्याने रोजा तुटत नाही, सगळे त्यात आहे. आमच्या एकादशी-गुरुवारवाल्यांपैकी मात्र एकही जण कधी असा विचारायला आला नव्हता. माझ्या घरातलासुद्धा नाही. बहुतेकांना वाटते, उपवास म्हणजे एक दिवसाचा तर प्रश्न. कारंजात जैन समाज मोठा आहे. त्यांच्यातली सूर्यास्तानंतर न जेवणारी वडील मंडळी रात्रीची गोळी मात्र रात्री नऊला घेतात आणि पहाटे चारला घामाघूम होऊन उठतात. तेही सांगत नाहीत.

तर उपवास करावा की करू नये? मी करू नका असे म्हणणाऱ्यांतला नाही. सांगितले तरी कोण ऐकणार आहे? पण दोन-तीन दिवस आधी आपली गोळी घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा. नाव वाचता येत नसेल तर रिकामे पाकीट न्या. नुसते मेटफॉर्मिन असेल किंवा सिटाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन अशा नावांची गोळी असेल, तर उपवासात साखर एकदम कोसळण्याची भीती कमी. वर सांगितलेली ग्लिमेपिराईडच्या जातीची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर मात्र उपवासाच्या दिवशी मात्रा कमी करावी लागते, कधी एखादी वेळ गाळावी लागते. ती किती, हे ज्याच्या त्याच्या साखरेवर ठरते. शेजाऱ्याने केले म्हणून आपण करू नये. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही नवी औषधे लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. ती घेऊन निर्जळी उपवास केला तर शरीर कोरडे पडते आणि रक्तात आम्ल साचू शकते. ज्यांची मूत्रपिंडे बिघडली आहेत, ज्यांना गेल्या काही महिन्यांत साखर घसरण्याचा त्रास झाला आहे, ज्यांना इन्सुलिन तीन-चार वेळा लागते, त्यांनी देवाला नुसता नमस्कार करावा. तो पोचतो.

दिवसभर काहीच न खाता रात्री ताटभर साबुदाणा, हाही प्रकार वाईटच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. तो रक्तात झपाट्याने उतरतो. उपवासाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे साखर २५० आणि ३०० झालेले रुग्ण मी मोजले तर संख्या घसरलेल्यांहून जास्तच भरेल. वर महाप्रसादाला रोडगे, वांग्याची भाजी आणि तुपाची धार. रोडगे समोर असताना हात आखडता घ्या असे सांगण्याचा अधिकार मला नाही. मी स्वतः चार खातो. पण उपवासाच्या दिवशी दर तीन-चार तासांनी थोडे थोडे, ताक, दूध, मूठभर भिजवलेले शेंगदाणे, काकडी, वाटीभर भगर असे पोटात जात राहिले तर साखर वरही उडत नाही आणि खालीही पडत नाही.

भगरीचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यातील सोमठाणा येथे हरिनाम सप्ताहात एकादशीच्या प्रसादाची भगर-आमटी खाल्ल्यानंतर शेकडो लोकांना उलट्या-जुलाब झाले. खाटा पुरल्या नाहीत, तेव्हा झाडांना दोऱ्या बांधून सलाईनच्या बाटल्या लटकवल्या गेल्या. ते चित्र अनेकांनी वर्तमानपत्रात पाहिले असेल. दमट जागी साठवलेल्या भगरीवर बुरशी धरते, आणि दळलेल्या पिठात ती डोळ्यांना दिसत नाही. सुटे पीठ आणू नये. भगर निवडून, धुऊन घरी दळावी, लागेल तेवढीच. पंगतीसाठी करणार असाल तर सकाळी शिजवलेली संध्याकाळी वाढू नये.

त्या प्रसंगानंतर मी आईची ती गोळी बदलली आणि दवाखान्याच्या दाराशी एक पाटी लावली: ‘साखरेच्या रुग्णांनी उपवासाच्या दोन दिवस आधी भेटावे. फी नाही.’ २०२४ ची दत्तजयंती १४ डिसेंबरला होती. आधीच्या दोन दिवसांत नऊ जण आले. सगळ्यात आधी कोण आले असेल? ती हार-फुले विकणारी बाई, नवऱ्याला हाताला धरून, इन्सुलिनची बाटली रुमालात बांधून. त्या माणसाला मी उपवास करू नका म्हणून सांगितले. तो हिरमुसला. बाई म्हणाली, “तुमच्या वाटचा मी करते, चाला.”

घरातही आता एक नवी पद्धत पडली आहे. डिसेंबरात पाहुणे जमले की स्वयंपाकघराच्या दाराला एक दिनदर्शिका टांगलेली असते आणि आईने काही खाल्ले की जो वाढेल त्याने त्या तारखेच्या चौकोनात वेळ लिहायची. भाचे ती फार उत्साहाने भरतात. एकदा आजीने पाणी प्यायल्याचीही नोंद सापडली. गोळी मात्र एकटी सौ. देते. बाकी सोळा जणांना त्या डब्याला हात लावायला बंदी आहे, आणि त्या सोळांत मीही आलो.

२०२५ साली दत्तजयंती ४ डिसेंबरला आली, नेमकी मार्गशीर्षातल्या गुरुवारी. आईने दिनदर्शिका पाहून हिशेब केला, की दोन उपवासांऐवजी एकच करावा लागणार. त्या दिवशी सकाळी तिने स्वतःहून वाटीभर भगर आणि ताक घेतले, चौकोनात नातीकडून वेळ लिहून घेतली आणि मला म्हणाली, “पाय, एका उपासात दोन देव झाले. तुह्या त्या यंत्राचंही काम वाचलं.” मी तरी दुपारी तिचे बोट टोचले. आधी हात धुवायला लावले. साखर ११८ होती.